संगणक-शंका : फॉरमॅट मारण्याआधी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पाचांपैकी तीन वाचकांना दुरुस्ती करणाऱ्याने 'फॉरमॅट मारावा लागेल' (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावे लागेल) असे सांगितले होते, आणि तिन्ही ठिकाणी दुखणे असे होते की फॉरमॅटने ते बरे झाले नसते, उलट एका ठिकाणी तर सर्वस्व गेले असते. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत. मेन्यूंची नावे विंडोज ११ मध्ये दिसतात तशी दिली आहेत. विंडोज १० मध्ये ती थोड्या फरकाने सापडतील.

प्रश्न : माझा डेस्कटॉप सुमारे दहा वर्षांचा आहे. रोज सकाळी सुरू केला की तारीख १ जानेवारी २०१५ दाखवतो आणि बँकेचे संकेतस्थळ 'कनेक्शन सुरक्षित नाही' असे सांगून उघडत नाही. विषाणू असेल म्हणून दुकानातून फॉरमॅट करून आणला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. आता काय करावे? — निवृत्त शिक्षक, मिरज

आपल्या पत्रातील दोन तक्रारी वेगळ्या नाहीत, एकच आहेत. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते आणि ते अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच वैध असते. आपल्या संगणकाच्या लेखी आज २०१५ साल आहे, त्यामुळे बँकेचे आजचे प्रमाणपत्र त्याला अजून जन्मालाच न आलेले दिसते आणि तो ते नाकारतो. बँकेचे संकेतस्थळ ठीक आहे, आपला ब्राउझरही ठीक आहे. चुकले आहे ते घड्याळ.

घड्याळ चुकते कारण मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकाच्या आतील मुख्य पाटीवरचा, नाण्याएवढा सेल संपला आहे. संगणक बंद असताना वेळ चालू ठेवण्याचे काम हा सेल करतो. त्याचा क्रमांक बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ असा असतो, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा सेल, जो घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. भिंतीवरचे बटन चालू असेल तर संगणक बंद असतानाही घड्याळाला थोडी वीज मिळत राहते आणि सेल खर्च होत नाही. रात्री मुख्य बटन बंद करण्याची आपल्याकडची चांगली सवय या एका सेलाला मात्र महागात पडते. विंडोज कितीदाही नव्याने टाकले तरी सेल काही भरत नाही, म्हणून फॉरमॅटचा उपयोग झाला नाही.

सेल बदलण्याआधी एक काम आवर्जून करावे. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ २ ही कळ दाबून बायोसच्या (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅमच्या) पडद्यावर जावे आणि तिथल्या सर्व पानांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण सेल काढल्यावर तिथल्या जुळण्या मूळपदावर जाऊ शकतात आणि हार्ड डिस्कची पद्धत दाखवणारी एखादी नोंद बदलली तर विंडोज सुरूच होत नाही. अशा वेळी घाबरलेला माणूस पुन्हा फॉरमॅटकडे वळतो. छायाचित्र हाताशी असेल तर जुनी नोंद परत करणे हे मिनिटाभराचे काम असते. त्यानंतर वीजतार पूर्ण काढावी, पॉवरचे बटन काही सेकंद दाबून धरावे, ज्याला आपण सगळे चुकून 'सीपीयू' म्हणतो त्या डब्याचे झाकण उघडावे, डब्याच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी आणि सेल बाजूच्या पट्टीवर हलका दाब देऊन काढावा. नवा सेल अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून बसवावा. मग तारीख स्वतः दुरुस्त करून 'टाइम अँड लँग्वेज' मधील 'सिंक नाऊ' दाबावे. फरक वर्षांचा असेल तर विंडोज तो आपणहून दुरुस्त करतेच असे नाही.

जाता जाता, आणखी काही वाचकांची तक्रार अशी आहे की घड्याळ दर वेळी बरोबर साडेपाच तास मागे पडते. तिथे सेलाचा दोष नाही. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स ही दुसरी संगणकप्रणाली दोन्ही असतील तर लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचते. लिनक्सला घड्याळ स्थानिक वेळेनुसार ठेवायला सांगितले की भांडण मिटते.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयातील संगणक रोज रात्री न चुकता बंद केला जातो. तरीही तो दिवसेंदिवस जड होत जातो, प्रिंटर मधूनच सापडत नाही, आणि एका तज्ज्ञाने दाखवले की संगणक १९ दिवस सलग चालू आहे! हे कसे शक्य आहे? नवा संगणक घ्यावा का? — संस्थेचे खजिनदार, डोंबिवली

तज्ज्ञांनी दाखवलेला आकडा खरा आहे आणि आपणही खोटे बोलत नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ आले तेव्हापासून 'शट डाउन' या शब्दाचा अर्थ बदलला आहे. आपण संगणक बंद करता तेव्हा उघडे प्रोग्रॅम बंद होतात, परंतु विंडोजचा गाभा आणि प्रिंटर, नेटवर्क वगैरे चालवणारे ड्रायव्हर जसे आहेत त्या स्थितीत डिस्कवर एका फाइलीत उतरवून ठेवले जातात आणि सकाळी तिथून जसेच्या तसे वर घेतले जातात. याला 'फास्ट स्टार्टअप' म्हणतात. दुकान बंद करताना शटर ओढले, पण आतला पसारा आवरला नाही, असा हा प्रकार आहे. एखादा ड्रायव्हर अडखळला असेल तर तो अडखळलेल्या अवस्थेतच दुसऱ्या दिवशी उठतो. याउलट 'रीस्टार्ट' केल्यावर सगळे खरोखर पुसले जाऊन नव्याने सुरू होते. 'एकदा रीस्टार्ट करून बघा' हा सल्ला थट्टेचा विषय झाला असला तरी त्यामागे एवढे ठोस कारण आहे.

म्हणून आठवड्यातून दोनदा तरी रीस्टार्ट करावा, किंवा शिफ्टची कळ दाबून धरून 'शट डाउन' वर क्लिक करावे, म्हणजे त्या वेळेपुरता संगणक पूर्ण बंद होतो. सोय कायमची काढायची असेल तर कंट्रोल पॅनेलमधील 'पॉवर ऑप्शन्स' मध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' हे पान उघडून 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची खूण काढावी. ती फिकट दिसत असेल तर आधी वरची 'चेंज सेटिंग्ज' ही ओळ दाबावी लागते. कार्यालयीन संगणकावर ही खूण काढलेली बरी, असे माझे मत आहे. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, असेल तर सकाळचे चार-दोन सेकंद वाढतील, तेवढेच.

नवा संगणक घेण्याचा ठराव मात्र इतक्यात मांडू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून 'टास्क मॅनेजर' उघडावा. काही न करता बसलेल्या संगणकातही 'डिस्क' खालचा आकडा शंभर टक्क्यांवर चिकटलेला असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवणे हा सर्वांत फलदायी खर्च ठरेल. त्याच खिडकीतील 'स्टार्टअप ॲप्स' मध्ये संगणकाबरोबर आपोआप उठणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. तिथे ओळखीचे पण रोज न लागणारे प्रोग्रॅम 'डिसेबल' करावेत. त्याने प्रोग्रॅम काढला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही.

प्रश्न : सी ड्राइव्ह लाल झाला आहे आणि अपडेट होत नाही. डी ड्राइव्ह मोकळा आहे. — गृहिणी, वडोदरा

'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'स्टोरेज' या क्रमाने जाऊन 'टेम्पररी फाइल्स' उघडावे आणि नको ते काढावे. त्या यादीत 'डाउनलोड्स' असेही एक घर असते. तिथे खूण केली तर आपण उतरवून घेतलेली वीजबिले आणि लग्नपत्रिकाही जातील, म्हणून ते घर सोडावे. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसले तर ते पुष्कळ जागा देते, परंतु ते काढल्यावर जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही. डेस्कटॉपवर ठेवलेली छायाचित्रेही सी ड्राइव्हवरच असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ती डी ड्राइव्हवर हलवावीत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी विंडोज ११ असलेला संगणक घेतला. परवा दुकानदाराने बायोस अपडेट केले आणि तेव्हापासून निळ्या पडद्यावर 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागितली जाते. मी असे काहीही लावलेले नाही. दुकानदार म्हणतो, फॉरमॅटशिवाय इलाज नाही. त्यात माझ्या वडिलांची सगळी छायाचित्रे आहेत. — व्यावसायिक, कोल्हापूर

कृपया फॉरमॅट करू देऊ नका. हे वाक्य मी एरवी सल्ला म्हणून लिहितो, येथे विनंती म्हणून लिहितो.

आपण काही लावले नाही हे खरे असेल. पुष्कळ संगणकांत विंडोज ११ पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते वापरले की डिस्कवरील मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. कुलपाची चावी मदरबोर्डवरील टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते आणि रोज ती चिप निमूटपणे कुलूप उघडत असल्यामुळे आपल्याला ते जाणवत नाही. बायोस बदलले की त्या चिपला वाटते की डिस्क परक्या हातात पडली, आणि ती चावी द्यायचे थांबवते. तेव्हा मागितला जातो तो ४८ अंकी क्रमांक, सहा-सहा अंकांच्या आठ गटांचा. त्याची प्रत संगणक प्रथम सुरू करताना वापरलेल्या खात्यात जपलेली असते.

आता खरा प्रश्न तंत्राचा नाही, आठवणीचा आहे : ते खाते कोणाचे? माझ्या अनुभवात ते मालकाचे क्वचितच असते. बाहेरगावी नोकरी करणाऱ्या मुलाने सुटीत येऊन संगणक लावून दिलेला असतो, भाच्याचा ईमेल टाकलेला असतो, किंवा दुकानातल्या मुलाने स्वतःचा. त्या सर्वांना विचारावे. प्रत्येकाने मोबाइलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून 'डिव्हाइसेस' खाली आपल्या संगणकाची रिकव्हरी की आहे का ते पाहावे. निळ्या पडद्यावर 'की आयडी' म्हणून काही अक्षरे दिसतात. त्यांतील पहिली आठ खात्यातील नोंदीशी जुळली की शेजारचा ४८ अंकी क्रमांक आपलाच. बायोसचे अपडेट मागे घेता येत असेल तर तेही करून पाहण्यासारखे आहे. चावी कुठेच मिळाली नाही तर मात्र हे कुलूप कोणालाही उघडता येत नाही, आणि 'पैसे द्या, उघडून देतो' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तरीही डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि संगणकाला दुसरी बसवावी. खाते सहा महिन्यांनी आठवले तरी छायाचित्रे तिथेच असतील.

इतर वाचकांनी 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का ते आजच पाहावे, आणि असल्यास तो क्रमांक कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवावा. बायोस अपडेट करण्यापूर्वी हे संरक्षण तात्पुरते थांबवण्याची सोय असते. दुकानदाराने ती वापरायला हवी होती.

प्रश्न : आमच्या वाचनालयाचे १९९९ ते २००६ चे वार्षिक अहवाल नव्या संगणकावर उघडले तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. फाइली विषाणूने खाल्ल्या, त्या पुसून संगणक फॉरमॅट करा, असे सांगण्यात आले. दुसरे म्हणजे, नव्या कळफलकावर 'दुसऱ्या' लिहिताना 'दुसर्या' असे उमटते. — ग्रंथपाल, राजापूर तालुका

आपल्या फाइली धडधाकट आहेत. त्या काळी मराठी टंकलेखनाची जी साधने होती, त्यांत पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम किंवा श्रीलिपी ही नावे आपल्याला आठवत असतील. त्यांची युक्ती अशी की फाइलीत नोंद इंग्रजी अक्षराच्या क्रमांकाची होई आणि फॉन्ट त्या क्रमांकाच्या जागी काना, वेलांटी किंवा अर्धे अक्षर काढून दाखवी. म्हणजे मराठी फाइलीत नव्हतेच, ते फॉन्टमध्ये होते. नव्या संगणकात तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवट्यामागची इंग्रजी अक्षरे उघडी पडली. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामाईक क्रमांकपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे आणि विंडोज २००० पासून ती सोय विंडोजमध्ये आली, पण आपल्याकडची कार्यालये आणि छापखाने पुढे कित्येक वर्षे जुन्याच पद्धतीवर राहिले.

फाइल वर्डमध्ये उघडून थोडा मजकूर निवडावा. वरच्या फॉन्टच्या चौकटीत मूळ फॉन्टचे नाव दिसते, तो फॉन्ट संगणकात नसला तरी दिसते. जुना संगणक अडगळीत असेल तर त्याच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून तो फॉन्ट आणून बसवावा. अहवाल होते तसे दिसू लागतील. पुढे शोध घेणे, ईमेल करणे किंवा मोबाइलवर वाचणे हवे असेल तर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागेल. रूपांतरक त्याच फॉन्टसाठी बनवलेला असावा, कारण प्रत्येक घराण्याची क्रमांकांची मांडणी वेगळी होती. पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे येथे हमखास चुका होतात, तेव्हा रूपांतरित अहवाल मुद्रितशोधकाच्या नजरेखालून जाऊ द्यावेत आणि मूळ फाइली कधीही पुसू नयेत.

आता 'दुसऱ्या'. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कळफलकावर साधा र जे या कळेवर आहे, आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की ऱ मिळतो. त्यानंतर पाय मोडण्यासाठी डी आणि य साठी तिरक्या रेघेची कळ दाबावी. साध्या र चा पाय मोडून य जोडला तर संगणक रफारच देणार, कारण 'सूर्य' मध्ये तोच बरोबर आहे. आपण तर कोकणातले. आपल्याला एका बाजूला दर्या आहे आणि दुसऱ्या बाजूला दऱ्या. जुन्या मजकुरात हा अर्धा र साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही लिहिलेला आढळतो. डोळ्यांना दोन्ही 'दऱ्या' सारख्याच दिसतात, पण शोधताना संगणक एकीला दुसरीची ओळख देत नाही. त्यामुळे रूपांतर झाल्यावर 'फाइंड अँड रिप्लेस' वापरून सर्व अहवालांत एकच रूप करून घ्यावे, आणि ते शिफ्ट-जे वाले असावे.