थीसिस, गाइड आणि पीजीची गोची : वाचक विचारतात

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिनची जेआर-१ (पीजीच्या पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर) आहे. सिनॉप्सिसची (थीसिसच्या आराखड्याची) तारीख डोक्यावर आलीय. गाइड सर स्वभावाने चांगले आहेत पण त्यांना वेळच नसतो, म्हणाले लायब्ररीतून जुना थीसिस काढ, थोडं इकडचं तिकडं कर आणि दे. सीनियरही तेच सांगतात. मला खरंच रिसर्च शिकायचाय, पण ड्यूट्यांमधून सुरुवात कुठून करू?

उत्तर : जुना थीसिस जरूर काढा, पण विषय ढापायला नाही, तर त्यातलं लिमिटेशन्सचं पान वाचायला, कारण आधीच्या माणसाचं गाडं कुठं अडलं ते तिथंच कळतं (प्रामाणिकपणे लिहिलं असेल तर). मग एक छोटी वही ॲप्रनच्या खिशात ठेवा आणि राऊंडला ज्या गोष्टीवर दोन कन्सल्टंट दोन वेगळी मतं देतात किंवा जी गोष्ट रोज दिसते पण का होते ते कोणी सांगत नाही, ती टिपत जा. कीटकनाशक प्यालेला पेशंट गावातून तुमच्यापर्यंत पोचायला किती तास लागले, मधे कुठं कुठं थांबला, पहिलं ॲट्रोपिन (अशा विषावरचं औषध) कुठं मिळालं, डीकेएमधे (मधुमेह बिघडून रक्तात आम्ल वाढतं त्या अवस्थेत) आलेल्याने इन्सुलिन का सोडलं होतं, असले प्रश्न. याला महागडं किट लागत नाही, फक्त सगळ्यांना एकाच पद्धतीने आणि नीट विचारावं लागतं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाहीये.

एक मात्र सांभाळा. तुमच्या ओपीडीत आलेले पेशंट म्हणजे जिल्हा नव्हे, तरी कितीतरी थीसिसच्या शीर्षकात बिनधास्त 'प्रीव्हॅलन्स' (म्हणजे लोकसंख्येतलं आजाराचं प्रमाण) लिहिलेलं असतं. राणी आणि अभय बंग यांचा १९८९ सालचा लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला पेपर मिळवून वाचा, गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती, दवाखान्यात आलेल्यांची नाही तर गावातल्या, तर ९२ टक्के जणींना एक तरी स्त्रीरोग निघाला आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे ओपीडीत बसून कोणी हेच मोजलं असतं तर उरलेल्या बायका मोजणीतच आल्या नसत्या. भाजकात, म्हणजे एकूण मोजलेल्यांत, कोण आहे हे ज्याला कळलं त्याला अर्धी एपिडेमिऑलॉजी (साथरोगशास्त्र) आली असं मी तरी मानतो.

सॅम्पल साइजचं सांगतो कारण सगळे तिथंच गडबडतात. पीएसएममधला (सामाजिक वैद्यक) तो फोर पीक्यू बाय एल स्क्वेअर आठवतोय ना (पी म्हणजे अंदाजे टक्केवारी, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक)? समजा एखादी गोष्ट ३० टक्के पेशंटमधे असेल असा अंदाज आहे, तर ५ टक्के इकडेतिकडे चालेल असं धरलं की ३३६ पेशंट लागतात आणि १० टक्के धरलं की ८४. मग होतं काय, वॉर्डात मिळण्यासारखे पेशंट साधारण ऐंशी म्हणून १० टक्के धरायचं आणि खाली लिहायचं 'सूत्रानुसार'. उलटं गणित आहे हे. पेशंट कमी असतील तर तसं स्पष्ट लिहा नाहीतर प्रश्न बदला. आणि स्टॅटिस्टिशियनकडे मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटचा एकत्र तक्ता) भरून झाल्यावर 'सर पी व्हॅल्यू काढून द्या' म्हणत जाऊ नका, आत्ता कोरा प्रोफॉर्मा (पेशंटची माहिती भरायचा फॉर्म) घेऊन जा, जमेल ते सगळं आत्ताच जमतं.

कॅलेंडरही काढा. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे (जिल्हा रुग्णालयातल्या कामाचे) तीन महिने तुम्ही बाहेर असणार, तेव्हा पेशंट कोण घेणार हे आधी ठरवा, आणि थीसिस द्यायचा असतो परीक्षेच्या सहा महिने आधी, म्हणजे तीन वर्षं वाटतात तेवढी नसतात. एथिक्स कमिटीची मंजुरी हातात येईपर्यंत एकही पेशंट घ्यायचा नाही. थीसिसमधे काही उपचार देऊन बघायचा असेल तर सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी पहिल्या पेशंटच्या आधी, १ एप्रिल २०१८ पासून ते मागाहून नोंदवून घेत नाहीत, आणि 'हा तर फक्त पीजीचा थीसिस' ही सबब तिथं चालत नाही. आयसीएमआर-एनआयई या सरकारी संशोधन संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन बेसिक कोर्स तुम्हाला तसाही करावाच लागणार आहे, तर दुप्पट स्पीडवर व्हिडिओ पळवून सर्टिफिकेट घेण्यापेक्षा सिनॉप्सिस लिहिता लिहिता बघा.

राहिला गाइड. गाइड कॉलेज देतं, मेंटॉर आपण शोधायचा असतो, आणि तो तुमच्याच डिपार्टमेंटचा हवा असं कुठंय? पीएसएममधली एखादी लेक्चरर, फार्माकॉलॉजीतले सर, दोन वर्षांपूर्वी पास झालेला सीनियर ज्याचा पेपर खरंच छापून आलाय, कोणीही चालेल. पण 'सर मला गाइड करा' असं मोघम विचारलं की कोणीही हो म्हणतं आणि पुढं काही होत नाही, त्यापेक्षा एक पान लिहून न्या आणि वीस मिनिटं मागा. तुमच्या सरांना यातलं सगळं सांगून करा, पाठीमागून नको.

प्रश्न : मी विदर्भात असोसिएट प्रोफेसर आहे, सर्जरी. दोन पीजी माझ्याकडे आहेत. खरं सांगायचं तर मला स्वतःला कोणी रिसर्च शिकवला नाही, मी यांना काय शिकवू?

उत्तर : सर, हे तुम्ही विचारलंत यातच बरंच आलं. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास, ठरलेला वार, ओटी (ऑपरेशनं) लांबली तर दुसऱ्या दिवशी पण रद्द नाही, एवढं केलंत तरी पुष्कळ. पहिल्या दहा पेशंटचे भरलेले प्रोफॉर्मे स्वतः तपासा, रिकाम्या जागा आणि एकसारखे आकडे तिथंच सापडतात, शंभर झाल्यावर सापडले तर त्या पोराच्या हातात काही उरत नाही (आणि आकडे रचायचा मोह नेमका तेव्हाच होतो). पेपरवर पहिलं नाव पीजीचं ठेवा. एचओडींचं (विभागप्रमुखांचं) नाव केवळ एचओडी म्हणून घालायची आपली जी रीत आहे ती आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांत बसत नाही, पण पीजीला पुढं करून ही भांडणं लढू नका, ती तुम्ही लढायची.

तुम्हाला स्वतःला शिकायचं असेल तर पीजीसोबत तोच एनआयईचा कोर्स करा, लाज कसली. कॅन्सरचं काम करत असाल तर टाटा मेमोरियलशी जोडलेली क्रेडो नावाची कार्यशाळा आहे, तिथं आपली कल्पना घेऊन जायची आणि मेंटॉरांसोबत बसून पूर्ण प्रोटोकॉल लिहूनच बाहेर पडायचं. लेक्चरं ऐकून जे येत नाही ते असं लिहून येतं.

प्रश्न : मी स्टाफ नर्स आहे, एमएस्सी नर्सिंग करतेय. रिसर्च म्हणजे डॉक्टरांचं काम, तुम्ही फक्त फॉर्म भरा असं वॉर्डात ऐकवतात.

उत्तर : ऐकवू द्या. गडचिरोलीत बंग दाम्पत्याच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळांच्या नोंदीही त्याच ठेवायच्या, आणि तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ ला तेही लॅन्सेटमधे आलं. त्या फॉर्मांवरच तर सगळं उभं होतं. बेडसोअर, कॅथेटरचं इन्फेक्शन, डिस्चार्जच्या वेळी सांगितलेलं पेशंटला घरी गेल्यावर किती आठवतं, हे प्रश्न तुमच्याइतके जवळून कोण बघतं? एथिक्सची मंजुरी तुम्हालाही तितकीच लागेल, आणि फॉर्म भरताय तर तो कोणी आणि का असा बनवला हे विचारायला सुरुवात करा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, ४८ तासांत पेपर पब्लिश, इंडेक्स्ड जर्नल. घ्यावं का?

उत्तर : नाही. ४८ तासांत कोणी तुमचा पेपर वाचून रिव्ह्यू देत नसतं, तेवढ्यात फक्त पैसे पोचतात. जर्नल पबमेडमधे (वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत) स्वतः शोधा, संपादक मंडळातल्या दोघातिघांना ईमेल करून बघा की त्यांना माहीत तरी आहे का आपलं नाव तिथं आहे ते. मुंबईच्या जीएस मेडिकल आणि केईएमच्या लोकांनी १९५५ पासून चालवलेलं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन आहे, तिथं पाठवा, परत आला तर रिव्ह्यूअरने काय लिहिलंय ते घेऊन मेंटॉरकडे बसा आणि दुसरीकडे पाठवा.