पहिल्यांदा डाय करताय ना, मग हे वाचा

भाऊ, सगळ्यात आधी पॅच टेस्ट. पाकिटावर लिहिलेलं असतं पण कोणी करत नाही. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा रंग लावायचा आणि ४८ तास थांबायचं, खाज सुटली, लाल झालं तर तो डाय अजिबात वापरू नका. बहुतेक काळ्या रंगात पीपीडी नावाचं केमिकल असतं, त्याची अ‍ॅलर्जी असली तर डोळे सुजून बंद होतात. अमोनिया फ्री लिहिलंय म्हणजे पीपीडी नाही असं समजू नका हं, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. आणि पूर्वी चाललं म्हणून पुढेही चालेल असं नसतं, अ‍ॅलर्जी नंतरही सुरू होते, म्हणून टेस्ट दरवेळी.

शेड घेताना जेट ब्लॅक नको, खरंच नको. चेहरा वयाप्रमाणे बदललेला असतो आणि वर कोळशासारखे केस, लगेच कळतं. डार्क ब्राऊन घ्या, कानाजवळ थोडे पांढरे राहिले तर राहू देत, उलट छान दिसतं.

दाढीला डोक्याचा रंग लावू नका, दाढीचा वेगळा मिळतो. कडेच्या कातडीला आधी व्हॅसलीन चोळा, नाहीतर गालावर काळे डाग पडतात. दिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवायचं नाही. दाढीची मुळं चार-पाच दिवसात पांढरी दिसायला लागतात, तेव्हा ते टचअपचं काम मागे लागणार हे धरूनच चला. भुवयांना मात्र हातसुद्धा लावू नका, डोळ्यात गेलं तर भारी पडेल.