कचेरीतलं पार्किंग, रॅम्प आणि दुसरा मजला: तुमचे प्रश्न

प्रश्न: माझी साइड व्हीलची स्कूटर आहे. तहसील कचेरीत व्हीलचेअरचं चित्र काढलेली जागा आहे पण तिथे कायम एक कार उभी असते, वॉचमन म्हणतो साहेबांची आहे. ट्रॅफिक पोलिसांकडे जाऊ का?

पोलिसांच्या मागे लागू नका, ते कंपाउंडच्या आतलं आमच्याकडे येत नाही म्हणून हात वर करतील. आवारातली जागा कचेरीच्या प्रमुखाच्या अखत्यारीत, म्हणून अर्ज त्यांच्याच नावे आणि लेखीच. वेगवेगळ्या दिवसांचे फोटो जोडा, आवक शिक्क्याची पोच घ्या. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत मुख्य दारापासून ३० मीटरच्या आत निदान दोन जागा आणि प्रत्येकी ३.६ मीटर रुंदी सांगितलीये, तेवढी रुंदी लागतेच कारण कारचं दार सताड उघडून शेजारी व्हीलचेअर लावायची असते, साध्या अडीच मीटरमध्ये ते होत नाही. टू-व्हीलरच्या रांगेत तुमची साइडची चाकं अडकतात हेही लिहा. आणि साहेबांच्या गाडीला दुसरी जागा कुठे देता येईल ते तुम्हीच सुचवा. हसू नका, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

प्रश्न: पंचायत समितीत नवीन रॅम्प झाला पण बाबांची व्हीलचेअर चढवताना दम लागतो, उतरताना तर भीतीच वाटते. इंजिनिअर म्हणतात नियमातच आहे.

टेप घेऊन जा आणि मोजा. हिशोब सरळ आहे, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या असतील तर चढ दोन फुटांचा, म्हणजे रॅम्प चोवीस फूट हवा. पण बहुतेक ठिकाणी पायऱ्यांच्या शेजारी उरलेल्या सात-आठ फुटांत तो कोंबलेला असतो, त्याला रॅम्प नाही घसरगुंडी म्हणतात. टेप नसेल तर मोबाइलवरचं लेव्हलचं ॲप उतारावर ठेवा, ५ अंशांच्या वर आकडा गेला की समजा गडबड आहे. रुंदी निदान १.२ मीटर, दोन्ही बाजूंना धरायला रेलिंग, वर आणि खाली व्हीलचेअर वळेल एवढी दीड मीटर सपाट जागा. आणि लादी! पॉलिश केलेला ग्रॅनाइट दिसायला झकास पण जूनमध्ये त्यावर कुबडी टेकवून बघा म्हणावं. तोंडाशी मोटरसायकली लावलेल्या असतात तो वेगळाच वैताग. हे सगळं मोजून झालं की माहिती अधिकारात रॅम्पचं अंदाजपत्रक आणि नकाशा मागवा, नकाशात चोवीस फूट आणि जागेवर आठ असं निघालं तर इंजिनिअरशी वाद घालायची गरजच उरत नाही.

प्रश्न: फ्लॅटची दस्तनोंदणी करायचीय, दुय्यम निबंधक कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईला चालता येत नाही. तिथले म्हणतात खुर्चीवर बसवून उचलून आणा.

अजिबात उचलू नका. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३८ प्रमाणे शारीरिक असमर्थतेमुळे ज्यांना त्रास किंवा धोका होईल त्यांनी कार्यालयात यायची सक्ती नाही, अधिकाऱ्याने घरी यायचं किंवा दुसऱ्याला नेमून पाठवायचं. याला गृहभेट म्हणतात. डॉक्टरांचा दाखला जोडून आधीच अर्ज द्या, फी विचारून घ्या. काम झाल्यावर लिफ्टची किंवा तळमजल्यावर खिडकीची मागणीही टाका, गृहभेट मिळाली म्हणजे जिना माफ झाला असं नाही.

प्रश्न: इमारत जुनी आहे, काही करता येत नाही, हे उत्तर चालतं का?

नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने जुन्या सार्वजनिक इमारतींनाही या सोयी करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती, ती जून २०२२ ला संपली. सुप्रीम कोर्टानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला सांगितलंय की या सोयींचे निकष ऐच्छिक ठेवू नका, बंधनकारक करा. अर्जाला उत्तर आलं नाही तर पोच आणि फोटो घेऊन पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा, त्यांना चौकशीत दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, आणि त्यांनी शिफारस केली की कार्यालयाने काय केलं ते त्याला तीन महिन्यांत आयुक्तांना कळवावंच लागतं.