आजीला फोनवर हाय करून पळतो

अगं, पत्र वाचून आधी हसूच आलं मला. बंगळुरूत घर, नवरा तमिळ, तुम्ही दोघं आपसात इंग्लिश, साडेतीन वर्षांचं पोरगं, रोज तासभर मराठी बडबडगीतं लावतेस, तो मान डोलवत बघतो पण तोंडातून मराठी शब्द नाही, तिकडे साताऱ्यात आजी रडवेली, आणि तू मला विचारतेस अजून कुठलं चॅनल लावू! कुठलंच नको.

२००३ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंनी एक प्रयोग केला होता, नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन ऐकवलं, काहींना माणसाने समोर बसून खेळवत, काहींना तेच व्हिडिओवर. समोर बसलेल्या माणसाकडून बाळांनी त्या भाषेतले आवाज उचलले, व्हिडिओवाल्यांनी नाही. तुझा मोठा आहे, थोडंफार उचलेलही, पण टीव्ही काय उत्तरासाठी थांबत नाही ना.

म्हणून लावलंस तर शेजारी बस, मधेच थांबवून विचार, आता हा काय करेल रे? तो इंग्लिशमध्ये सांगेल, सांगू दे, तू तेच मराठीत म्हण नि पुढे चल. "मराठीत बोल" असं दटावलं की पोरं गप्पच होतात. (डब केलेली कार्टून मला तरी नाही पटत, "चला मित्रांनो, आपण शोध घेऊया" असं साताऱ्यात कोण बोलतं?)

नवऱ्याला वाटतं त्याची भाषा मागे पडतेय, बरोबरच आहे, तमिळचीही तीच गत की. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर गोष्टी फुकट आहेत, बऱ्याच गोष्टी मराठीतही आणि तमिळमध्येही, चित्रं तीच. आज तू मराठीत वाच, उद्या नवरा तमिळमध्ये.

आणि "आजीला हाय कर" बंद. आजी भाकऱ्या थापताना व्हिडिओ कॉल लाव, याच्याही हातात पिठाचा गोळा दे, केवढी झाली दाखव म्हटलं की बोलेल आपोआप. आजीला सांग अर्धीच गोष्ट व्हॉइस नोटवर पाठव, पुढचं त्याने विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. तूच लिहिलंयस, ओरडताना तेवढं मराठी येतं तोंडात. मग लाडही मराठीतच कर की गं, आंघोळ घालताना, भात कालवताना, तेवढ्याला कुठलं ॲप लागत नाही. भाकरीचं रविवारपासूनच सुरू करा, फोन टेकवायला जड डबा बघ, नाहीतर पिठात पडतो तो.