फेदरस्टनहॉ की फॅन्शॉ?

प्रश्न असा आला आहे: अनुवाद करताना एका इंग्रज पात्राचे आडनाव, स्पेलिंगप्रमाणे वाचले तर, ‘फेदरस्टनहॉ’ असे होते, पण ध्वनिमुद्रणात तेच ‘फॅन्शॉ’ ऐकू येते. मराठीत काय लिहावे? आणि ‘पिसाचा दगड’ हा अर्थ बरोबर का?

पिसाचा इथे काहीच संबंध नाही. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लागून आडनाव होते, तसे हे आडनाव इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलँडमधल्या जागेवरून आले. हॉल्टव्हिसल गावाजवळ, साउथ टाइन नदीकाठी फेदरस्टनचा किल्ला आजही उभा आहे. यातला ‘फेदर’ म्हणजे जुन्या इंग्रजीत समासात येणारा ‘चार’. त्या भाषेत चतुष्पादालाही याच ‘फेदर’ने सुरू होणारा शब्द होता. ‘स्टन’ म्हणजे दगड. तीन उभे दगड आणि त्यांवर चौथा आडवा, अशी प्राचीन रचना तिथे असावी, असे स्थलनामांचे अभ्यासक मानतात. मला सर्वांत आनंद झाला तो पुढच्या गोष्टीचा: हा ‘फेदर’ आणि आपला संस्कृत ‘चतुर्’ एकाच मुळातून फुटलेले आहेत. शेवटचा ‘हॉ’ म्हणजे नदीकाठची सपाट जमीन. मराठीत त्याला ‘मळई’ हा नेमका शब्द आहे. म्हणजे आडनावाचा अर्थ ‘चार दगडांजवळची मळई’.

आता उच्चार. बोलता बोलता नाव झिजते. प्रतिष्ठानाचे पैठण झाले, तसे फेदरस्टनहॉचे फॅन्शॉ झाले: मधला ‘दर’ गळाला, ‘स्ट’ आणि ‘ह’ मिळून ‘श’ उरला. फरक एवढाच की आपण पैठण म्हणतो आणि पैठणच लिहितो. इंग्रजांनी मात्र स्पेलिंगमधली (Featherstonhaugh) सोळा अक्षरे तशीच ठेवली. ‘प्रतिष्ठानकर’ लिहून ‘पैठणकर’ वाचावे, तसा हा प्रकार. ‘चोल्मोंडेली’ लिहून ‘चमली’ म्हणतात, तेही असेच.

डर्बीशायरमधून आलेले ‘फॅन्शॉ’ हे वेगळे आडनावही आहे, त्याची याच्याशी गल्लत करू नये.

अनुवादात ‘फॅन्शॉ’ लिहावे. मराठी वाचक नाव कानाने वाचतो. मात्र काही कुटुंबे हे नाव अक्षरशः ‘फेदरस्टनहॉ’ असेच उच्चारतात. खऱ्या व्यक्तीचे नाव असेल, तर ती स्वतः जे म्हणते तेच लिहावे.