काळ्या प्लॅस्टिकची डबी

प्रश्न : सर, मी १९ वर्षांचा, सांगलीत इंजिनिअरिंगला आहे. आमचा चौघांचा बँड आहे. एका सीनियरकडून गिटारचा आवाज फोडणारं जुनं आयबानेझ कंपनीचं टीएस-५ पेडल १५०० रुपयांना मिळतंय. बँडमधले हसतात. म्हणतात, हे प्लॅस्टिकचं खेळणं आहे, पैसे साठव आणि त्याच कंपनीचं धातूचं टीएस-९ घे. काय करू?

उत्तर : घे. घासाघीस करत बसू नकोस, सीनियरचं मन बदलायच्या आत घे.

आता मित्रांना दाखवायला थोडं सविस्तर. टीएस-५ म्हणजे १९९० च्या दशकातल्या साउंडटँक मालिकेतलं पेडल, म्हणजे गिटारच्या केबलमध्ये जोडायची, पायाने चालू-बंद करायची डबी. काळं प्लॅस्टिक, वर ड्राइव्ह, टोन आणि लेव्हल अशा तीन चकत्या. मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा एका मित्राचं बंद पडलेलं टीएस-५ दुरुस्तीला आलं होतं. उघडलं आणि हसूच आलं. टीएस-९ चा सांगाडा तोच इथे. एक ऑपॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, तिच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज परत आत आणणाऱ्या वाटेवर, एकमेकांकडे पाठ करून बसवलेले दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) आणि पुढे टोनचा भाग. या डायोडांवर आवाज फुटतो, पण फुटण्याआधी साधारण ७२० हर्ट्‌झच्या खालचा खर्ज बारीक केलेला असतो. म्हणून चिखल होत नाही आणि मधला, किंचित नाकातला सूर पुढे येतो. खोलीत एकट्याने वाजवशील तर तुला तो पातळ वाटेल. ड्रम आणि बेस सुरू झाले की गिटार त्या गर्दीतून कशी वर येते ते ऐक, आणि मित्रांनाही ऐकू दे.

मग टीएस-९ ला जास्त पैसे कशाचे? बरेचसे डबीचे. तिथे केबलची भोकं, म्हणजे जॅक, धातूच्या अंगाला नटाने आवळलेले असतात. टीएस-५ मध्ये ते सरळ सर्किट बोर्डावर सोल्डर केलेले असतात, त्यामुळे केबलला बसणारा प्रत्येक हिसका सोल्डरवर जातो. घेताना केबल लावून हलक्या हाताने हलवून बघ. खरखर आली तर घाबरू नकोस, शंभर रुपये कमी करून माग आणि गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून जॅकचं सोल्डर नव्याने मारून घे. दहा मिनिटांचं काम. आम्ही पुण्यात पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन अख्खा जॅकच बदलायचो.

हसणाऱ्यांना टीएस-१० ची गोष्टही सांग. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं हे पेडल बरीच वर्षं कोणी विचारत नव्हतं. पुढे जॉन मेयर या अमेरिकन गिटारवादकाच्या पायाखाली दिसलं आणि भाव कुठल्या कुठे गेला. सर्किट तेच होतं, गिऱ्हाईक बदललं.

माझी स्वतःची फजिती याहून वाईट. माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून येताना डॅनइलेक्ट्रोचं एक छोटं प्लॅस्टिकचं पेडल घेऊन आला. नाव ‘फ्रेंच टोस्ट’! त्या मालिकेत सगळी नावं खाण्याचीच : टूना मेल्ट, पेपरोनी, चिकन सॅलड. मी म्हटलं, हे वाजवायचं की खायचं? चार सुरांची भरगच्च कॉर्ड वाजवली, भंगाराचा ट्रक उलटावा तसा आवाज आला, आणि मी ते एका विद्यार्थ्याला देऊन टाकलं. फार उशिरा कळलं, की ते फॉक्स टोन मशीन नावाच्या १९७० च्या दशकातल्या, अंगावर मखमल चिकटवलेल्या फझचं, म्हणजे आवाज पार खरखरीत फोडणाऱ्या पेडलचं सर्किट होतं. मूळ सुराबरोबर वरच्या सप्तकातला सूर काढणारं. असल्या फझवर कॉर्ड वाजवायचीच नसते. मानेकडचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक), गिटारचा टोन खाली, बाराव्या पडद्याच्या वर एकेक सूर, मग ते बोलतं. तो विद्यार्थी अजून वाजवतो. परत मागायची माझी हिंमत नाही.

तसंच बेहरिंगरचं सुपर फझ. अंगाने प्लॅस्टिक, आत बॉसच्या कधीच बंद झालेल्या हायपर फझचा अवतार. प्लॅस्टिकवर दोन्ही पायांनी उभा राहू नकोस म्हणजे झालं. पण म्हणून स्वस्त ते सगळं घेत सुटू नकोस. स्वस्त वाहवाह, म्हणजे पाय वरखाली करून ‘वा-वा’ असा आवाज काढायचं पेडल, मी कधीच सुचवणार नाही. त्याचा आतला पॉट, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा फिरणारा भाग, सतत फिरत असतो, वर्षभरात कुरकुरायला लागतो.

नवंच हवं असेल तर बॉसचं पिवळं एसडी-१ बघ. १९८१ पासून बनतंय, धातूचं आहे, आणि फारच साधं म्हणून लोक त्याच्याकडे बघत नाहीत. त्यात दोनाऐवजी तीन डायोड आहेत, त्यामुळे लहरीच्या दोन बाजू सारख्या कापल्या जात नाहीत. टीएसपेक्षा जरा खडबडीत लागतं. मला स्वतःला तेच जास्त आवडतं.

प्रश्न : मुलाने पेडलला घरातल्या वायफायच्या डबीचा ॲडॉप्टर लावला. आता पेडलचा दिवाही लागत नाही. टाकून द्यावं का? (एक आई, ठाणे)

उत्तर : ताई, टाकू नका आणि मुलाला रागावूही नका, मीही हे केलंय. वायफायचा ॲडॉप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि त्याच्या पिनेच्या मध्यभागी अधिक असतं. गिटारच्या बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात, आणि मध्यभागी उणे. ॲडॉप्टरवर गोल आणि ठिपक्याची खूण असते, त्यातल्या ठिपक्याशी उणे जोडलेलं आहे ना ते बघून घ्या. बऱ्याच पेडलमध्ये उलट जोडणीपासून वाचवायला एक डायोड असतो आणि आधी तोच जळतो. डायोड दोन-चार रुपयांना मिळतो, मजुरी काय ती वेगळी. दुरुस्त झाल्यावर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरणार असाल, तर रियाज संपल्यावर गिटारकडून येणारी केबल पेडलमधून काढायला सांगा. ती लावलेली असेपर्यंत बॅटरी चालूच राहते, दिवा विझलेला असला तरी.