२००८ च्या अमेरिकेतल्या गृहकर्ज संकटाला जबाबदार कोण, डेमोक्रॅट की रिपब्लिकन?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘सरकारने बँकांवर गरिबांना कर्ज द्यायची सक्ती केली म्हणून सगळं बुडालं, असं वाचलं. खरं का?’ नाही. हेच वाक्य मी २००९ पासून आमच्या दाजींच्या तोंडून ऐकतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार. सबप्राइम म्हणजे पत कमी असलेल्यांना चढ्या व्याजाने दिलेली कर्जं, एवढं पुरे. त्यांचे गठ्ठे बांधून रोखे कसे विकले, हे इथे सांगत बसत नाही.

जून २००५. बी.कॉम. झालो आणि सांगलीहून पुण्यात येऊन एका बीपीओत चिकटलो. पगार साडेआठ हजार, रात्रपाळी, न्यायला-सोडायला सुमो. प्रोसेसचं नाव ‘मॉर्गेज’. अमेरिकेतल्या एका कर्ज कंपनीच्या (नाव लिहीत नाही) फायली स्कॅन होऊन आमच्या पडद्यावर यायच्या. आम्ही पानं लावायची आणि १००३ नावाच्या अर्जातले रकाने सिस्टीमशी जुळतात का ते बघायचं. एका फायलीला बावीस मिनिटं. तेविसावं लागलं की टीएटी, म्हणजे फाईल संपवायची ठरलेली वेळ, गेला.

पगारदार माणसाच्या फायलीत डब्ल्यू-२ असायचा, आपल्या फॉर्म १६ चा भाऊ. पण माझ्या वाट्याच्या बऱ्याच फायली ‘स्टेटेड इन्कम’च्या. म्हणजे उत्पन्न अर्जदार सांगेल ते, पुरावा नाही. गंमत अशी की त्याच फायलीत ४५०६-टी नावाचा एक फॉर्म सही करून जोडलेला असायचा. या सहीच्या जोरावर कंपनी अमेरिकेच्या आयकर खात्याकडून त्या माणसाच्या विवरणपत्राचा उतारा मागवू शकत होती. दोन वर्षांत असा मागवलेला उतारा मी एकदाही पाहिला नाही. फॉर्म आहे का, टिक. सही आहे का, टिक. पुढची फाईल.

२००६ च्या फेब्रुवारीत फिनिक्सजवळच्या एकाची फाईल आली. धंदा : स्विमिंग पूल साफ करणे. मासिक उत्पन्न : ११,४०० डॉलर. माझी ताई तेव्हा तिथेच, चँडलरला. सकाळी घरी आल्यावर तिला फोन केला, की पूल साफ करणाऱ्याला महिन्याला किती मिळतात गं. तिने दाजींना विचारलं. दाजी मागून ओरडले, “अडीच, फार तर तीन हजार. का रे, नोकरी बदलतोयस काय?”

दुसऱ्या रात्री मी त्याच ब्रोकरच्या जुन्या फायली काढून बघितल्या. सात जण. एक पूलवाला, दोन घरकाम करणाऱ्या बाया, एक टाइल्स बसवणारा, बाकीचेही त्यातलेच. सातही जणांचं उत्पन्न अकरा ते बारा हजारांच्या मध्ये. कर्ज बसायला जेवढं लागतं तेवढंच, ना कमी ना जास्त. अर्ज टाईप केलेले, खालची सही तेवढी त्या माणसाची. मी क्वेरी टाकली. टीम लीडरने बोलावून विचारलं, “रकाना रिकामा आहे का?” म्हटलं, नाही. “मग तुझा प्रॉब्लेम काय?” क्वेरी ‘आउट ऑफ स्कोप’ ठरली, माझ्या नावावर एरर लागला आणि त्या महिन्याचा आठशे रुपये इन्सेंटिव्ह गेला. त्या आठशे रुपयांचा राग अजून आहे, लपवत नाही.

त्याच सुमारास आम्ही धानोरीला वन बीएचके घेत होतो, वडिलांच्या आणि माझ्या नावावर. सात लाखांच्या कर्जासाठी बँकेने वडिलांचे तीन वर्षांचे फॉर्म १६, सहा महिन्यांचं पासबुक, माझ्या पगाराच्या स्लिपा आणि दोन जामीनदार मागितले. एक जामीनदार कवठेमहांकाळला राहतो म्हणून नापास झाला. आणि मी रोज रात्री तीन-तीन लाख डॉलरच्या फायलींवर टिक मारत होतो.

आता दाजींकडे वळतो. दाजी इंजिनिअर, माणूस हुशार, २००२ पासून ॲरिझोनात. चँडलरचं घर २००३ चं. २००५ मध्ये त्यांनी दुसरं घेतलं, दक्षिणेला मारिकोपा म्हणून गाव आहे तिथे. २,६५,००० डॉलर. एक दिवस राहायला गेले नाहीत. बांधून झालं, भाडेकरू बसवला, वर्षाने विकून सुटायचं असा बेत. पण अर्जावर लिहिलं ‘राहतं घर’, कारण राहत्या घराला व्याज कमी आणि आगाऊ रक्कमही कमी. हे मला त्यांनीच दिवाळीत हसत हसत सांगितलं. मी म्हटलं, दाजी, हा रकाना मी रोज बघतो. ते म्हणाले, “बघतोस ना? कुणी विचारलंय कधी?” कुणीच विचारलं नव्हतं. एकाच माणसाची एकाच तिमाहीत तीन ‘राहती घरं’ मी स्वतः पुढे पाठवली आहेत.

आणि हे एकट्या दाजींचं नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या (फेडरल रिझर्व्ह म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक) अर्थतज्ज्ञांनी पुढे क्रेडिट ब्युरोच्या नोंदी तपासल्या. ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, नेवाडा, म्हणजे जिथे फुगा सगळ्यात मोठा होता तिथे, भरात असताना घरखरेदीच्या जवळजवळ निम्म्या कर्जांमागे गुंतवणूकदार होते. त्यातल्या पुष्कळांनी राहणार असल्याचं खोटं लिहिलं होतं. पूलवाल्याचं उत्पन्न ब्रोकरने फुगवलं. दाजींनी आपलं खोटं आपल्याच पेनने लिहिलं.

मे २००७ मध्ये आमची प्रोसेस बंद झाली. फिनिक्सचे भाव निम्म्याहून खाली आले. मारिकोपाचं घर २००९ ला एक लाख दहा हजारालाही कुणी घेईना. भाडेकरू पळाला. दाजींनी हप्ते थांबवले.

नेमक्या त्याच दिवसांत, १८ फेब्रुवारी २००९ ला, ओबामांनी कर्जदारांना सवलत द्यायची योजना जाहीर केली. कुठे? मेसाच्या डॉबसन हायस्कूलमध्ये. चँडलरला लागूनच. दुसऱ्या दिवशी शिकागोच्या बाजारातून रिक सँटेली हा पत्रकार टीव्हीवर ओरडला, की शेजाऱ्याचे हप्ते आपण का भरायचे. टी पार्टी या सरकारी खर्चाविरुद्धच्या चळवळीची ठिणगी ती. दाजींनी मला फोनवर तेच ऐकवलं, मराठीत. “मी टॅक्स भरायचा आणि या फुकट्यांची घरं वाचवायची!” तेव्हा त्यांचे स्वतःचे दोन हप्ते थकलेले. त्यांना योजनेत का घेतलं नाही, हे ताईने मला नंतर सांगितलं. सवलत फक्त राहत्या घराला होती. कर्ज घेताना जे लिहिलं होतं ते आता सिद्ध करायची वेळ आली, आणि विवरणपत्रात तर भाड्याचं उत्पन्न दाखवलेलं.

शेवटी घर सोडून दिलं. ॲरिझोनाच्या कायद्यामुळे अशा साध्या घराच्या बाबतीत लिलावात जे कमी पडेल त्यासाठी बँक सहसा कर्जदाराच्या मागे लागू शकत नाही. त्यामुळे सुटले, क्रेडिट स्कोअर तेवढा गेला.

तर प्रश्नाचं उत्तर. दाजींचा लाडका मुद्दा म्हणजे १९७७ चा, डेमोक्रॅट अध्यक्ष कार्टर यांच्या काळातला सामुदायिक पुनर्गुंतवणुकीचा कायदा. बँकांनी गरीब वस्त्यांनाही कर्ज द्यावं, असा तो कायदा. पण तो लागू होता ठेवी घेणाऱ्या बँकांना. सबप्राइमचा मोठा धंदा करणाऱ्या नुसत्या कर्ज कंपन्यांना तो लागूच नव्हता. २००६ च्या चढ्या व्याजाच्या कर्जांपैकी, या कायद्याखालच्या बँकांनी आपल्या क्षेत्रातल्या गरीब लोकांना किंवा वस्त्यांना दिलेली कर्जं भरली ६ टक्के. आणि १९७७ चा कायदा २००५ पर्यंत झोपला होता काय?

डेमोक्रॅट धुतल्या तांदळाचे, असं मात्र म्हणत नाही. डिसेंबर २००० मध्ये ज्या कायद्याने क्रेडिट डिफॉल्ट स्वॅपसारखे (कर्ज बुडालं तर भरपाई देणारे) सौदे देखरेखीबाहेर ठेवले, त्यावर सही क्लिंटन यांची. १९९८ मध्ये वायदे बाजाराच्या नियामक ब्रुक्सली बॉर्न या बाईंनी हे सौदे तपासू या म्हटलं, तर फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष ग्रीनस्पॅन यांच्यासोबत क्लिंटन यांचेच अर्थमंत्री रुबिन त्यांच्यावर तुटून पडले. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या, सरकारी पाठबळाच्या कंपन्यांच्या बाबतीत डेमोक्रॅट खासदार बार्नी फ्रँक २००३ मध्ये म्हणाले की अजून थोडा जुगार खेळून बघू. या वाक्याबद्दल त्यांना कितीही झोडपा. पण तेव्हा ते अल्पमतात होते. दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांची आणि व्हाइट हाउसही. २००५ मध्ये या दोन कंपन्यांना लगाम घालणारं विधेयक खालच्या सभागृहात ३३१ विरुद्ध ९० मतांनी मंजूर झालं होतं. सिनेटचं विधेयक वेगळं होतं, ते मतदानापर्यंत गेलंच नाही. २००२ मध्ये अल्पसंख्याकांची ५५ लाख नवी घरं असं लक्ष्य रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनीच दिलं होतं. २००४ मध्ये राज्यांचे सावकारीविरोधी कायदे राष्ट्रीय बँकांना लागू नाहीत, असं केंद्राच्या बँक-नियामकाने ठरवलं, तेही बुश यांच्याच कारकिर्दीत.

माझ्या मते सगळ्यात मोठा दोषी फेडरल रिझर्व्ह. १९९४ च्या कायद्याने त्यांना फसवी गृहकर्जं रोखायचे अधिकार दिले होते, कर्ज कोणीही देवो. त्यांच्याच मंडळातल्या एडवर्ड ग्रॅमलिक यांनी २००० च्या आसपास ग्रीनस्पॅन यांना सुचवलं की जरा तपासणी करू या. केली नाही. नियम कधी आले? जुलै २००८ मध्ये, म्हणजे लेहमन ही बडी गुंतवणूक बँक बुडायच्या दोन महिने आधी. अधिकार होता, सही होती, उतारा मागवला नाही. मला ती बातमी वाचून ४५०६-टी आठवला. आपल्याकडे वाय. व्ही. रेड्डींच्या रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००४ मध्येच गृहकर्जांचा जोखीमभार (कर्जामागे बँकेने किती भांडवल ठेवायचं, त्याचं माप) ५० वरून ७५ टक्के केला होता. बिल्डर लोक शिव्या देत होते. देऊ देत.

या संकटासाठी नेमलेल्या अमेरिकी चौकशी आयोगाने निकाल दिलाच असेल ना, असं वाटत असेल तर तिथेही तीच तऱ्हा. दहा सदस्य, सहा डेमोक्रॅटांचे, चार रिपब्लिकनांचे. जानेवारी २०११ च्या अहवालावर सह्या फक्त सहांच्या. तिघांनी वेगळं मत जोडलं, आणि पीटर वॉलिसन यांनी आणखी वेगळं, की सगळा दोष सरकारच्या गृहधोरणाचा. दाजींनी वॉलिसन यांचं छापून घरी ठेवलंय.

२०११ च्या गणपतीत सगळे सांगलीला जमलो होतो. जेवताना दाजींनी पुन्हा कार्टर काढला, पुन्हा ‘ऐपत नसलेले लोक’ काढले. मी विचारलं, “दाजी, मारिकोपाचं घर कुठल्या गरिबांच्या कायद्यात बसत होतं?” आई म्हणाली, ताटावरून कुणी उठायचं नाही. दाजी उठलेच. ताई माझ्याशी दीड वर्ष नीट बोलली नाही.

तुम्ही हा प्रश्न परीक्षेसाठी विचारत असाल तर ‘दोन्ही पक्ष समान जबाबदार’ असं लिहू नका, ते आळशी उत्तर आहे. प्रत्येक नावापुढे लिहा की त्याच्या हातात कोणता अधिकार होता आणि त्याने तो कधी वापरला नाही. आणि घरात कुणी ‘ऐपत नसलेले लोक’ म्हणालं, तर त्याच्या स्वतःच्या घरांची संख्या आधी विचारा.

एक-दोन गोष्टी राहिल्या. मी एकाच कंपनीच्या फायली पाहिल्या, त्याही बहुतेक ॲरिझोना-नेवाडाच्या, त्यामुळे माझं चित्र तिकडे झुकलेलं असणार. फॅनी-फ्रेडी निर्दोष नव्हते. २००४ ते ०६ मध्ये त्यांचा वाटा वॉल स्ट्रीटने खाल्ला हे खरं, पण तेच सबप्राइम रोखे त्यांनीही विकत घेतले. आणि दाजी वाईट माणूस नाहीत.

धानोरीच्या फ्लॅटचं कर्ज सात लाख होतं, पण आगाऊ भरायचे चार लाख आमच्याकडे नव्हते. मार्च २००६ मध्ये दाजींनी ९,००० डॉलर पाठवले, एका फोनवर, कधी परत देणार हेसुद्धा न विचारता. ते चँडलरच्या घराची किंमत वाढली म्हणून त्यावर काढलेल्या वाढीव कर्जातले होते. मला माहीत होतं. पूलवाल्याची फाईल पुढे पाठवून महिनासुद्धा झाला नव्हता. पैसे मी २०१३ मध्ये फेडले, बिनव्याजी. व्याज त्यांनी मागितलं नाही, मी विषय काढला नाही.

दाजी या साइटवर असतात. त्यांनी खाली कॉमेंट केली तर कृपया त्यांच्याशी वाद घालू नका, तो मी घालीन.